पागोट्याखालचा वारा

माझा स्वभाव तापट. माहेरी, रनाळ्याला, म्हणत की हिच्या डोक्यावर तवा ठेवा, भाकरी भाजून निघेल. अशा बाईच्या हातून दुसऱ्याचं डोकं थंड ठेवायची वस्तू घडावी, यात देवानं माझी चांगलीच थट्टा केली. वस्तू म्हणते, कारण टोपी हा शब्द माझ्या सासऱ्यांपुढे काढायची सोय नव्हती. "टोपी म्हंजे डोकानं झाकन. पागोटं म्हंजे डोकं," असं ते म्हणायचे. शिवाय टोपी घालणं म्हणजे फसवणं, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

लग्न होऊन मी तापीकाठच्या त्या गावी आले, तेव्हा सासूबाई आधीच वारल्या होत्या. नणंदा आपापल्या घरी. आमचे हे नंदुरबारला कचेरीत कारकून होते. शनिवारी सांजेला गाडी जोडून येत आणि सोमवारी झुंजूमुंजू होताच परत जात. बाकीचे दिवस घरात मामंजी, मी आणि गोठ्यात एक म्हैस. सुनेनं सासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, सासऱ्यानंही सुनेला उद्देशून काही बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. घरात सासू असली तर निरोप तिच्या तोंडून जातात. आमच्याकडे ते काम म्हशीवर आलं.

गोठा ओट्याला लागूनच होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, "म्हैस, कोनाले तरी सांग, भाकर वाढेल शे." थोड्या वेळानं ओट्यावरून आवाज यायचा, "म्हैस, तिले सांग, आज भाजीमा मीठ जास्ती शे." म्हैस रवंथ करत दोन्ही बाजू ऐकून घ्यायची. तिच्याइतका निःपक्षपाती प्राणी मी पुढं कुठं पाहिला नाही. मला या रीतीचा राग यायचा, पण हळूहळू तिची गंमतही वाटायला लागली, कारण जे माणसाला तोंडावर सांगता येत नाही ते म्हशीला खुशाल सांगता येतं.

पदराखालून मला दिसायचे ते त्यांचे पाय. रुंद, भेगाळलेले, घोट्यापर्यंत काळी माती. माणूस म्हणून मी त्यांना पायांनीच ओळखत होते. आणि कधी ते पाठमोरे जात असले की दिसायचं पागोटं. लाल, पिळापिळाचं, दोन माणसांनी मिळून बांधायचं असं लांबलचक. वडिलांच्या तेराव्याला मामानं ते त्यांच्या डोक्यावर पहिल्यांदा चढवलं. त्यानंतर कोणी त्यांना बोडकं पाहिलं नव्हतं. अंघोळीलाही डोक्याला पंचा गुंडाळून निघत. बोडकं डोकं म्हणजे घरात कोणी गेलं, एवढाच त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

लग्नानंतरच्या दुसऱ्या चैत्रात खळ्यावर गव्हाची मळणी चालली होती. खानदेशातलं चैत्राचं ऊन ज्यानं खाल्लंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं खाल्लं नाही त्याला सांगून कळणार नाही. दुपारी चार गडी मामंजींना खाटेवर घालून घरी घेऊन आले. तोंड लालबुंद, घामाचा टिपूस नाही, बोलणं असंबद्ध. मी तळपायांना कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं चमच्यानं घातलं. शेजारच्या गावाहून वैद्य आले. त्यांनी पागोटं उतरवायला हात लावला, तर अर्धवट शुद्धीतल्या मामंजींनी दोन्ही हातांनी ते गच्च धरलं. वैद्य तरी काय करणार! पागोट्यावरच पाणी शिंपडत बसले.

दुसऱ्या दिवशी उतार पडला. जाताना वैद्य म्हणाले, "या वेळी वाचले. डोकं पुन्हा असं तापलं तर मला बोलवू नका, उपयोग नाही."

शनिवारी हे आले. बापावर यांचा फार जीव. खाटेशी बसून म्हणाले, "बा, आते पांढरी टोपी घालानी. गावना बठ्ठा तरणा पोऱ्या घालतस. हलकी ऱ्हास." मामंजींनी भिंतीकडे तोंड केलं. मग हे म्हणाले, "तशे नही ते आखाजीपाईन वावर बटाईले दी टाकूत."

आमच्याकडे शेताचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला पालटतं. सालदार त्या दिवशी बदलतात, बटाईचे शब्दही त्याच दिवशी पक्के होतात. बटाई म्हणजे जमीन दुसऱ्यानं कसायची आणि आपण ओट्यावर बसून धान्याचा वाटा घ्यायचा. गावातला एक शेतकरी आमचं वावर करायला तयारच होता. माणूस चांगला होता, शब्दाचा पक्का होता, तक्रारीला कुठं जागा नव्हती. आखाजीला सकाळी नारळ घेऊन ये, असं यांनी त्याला सांगूनही टाकलं.

खरं सांगते, पहिल्यांदा मला माझीच काळजी पडली. दिवसभर ओट्यावर बसलेला सासरा आणि दिवसभर नाकावर पदर घेतलेली मी, हे काही जमणारं नव्हतं. पण नंतर मामंजींचे पाय पाहिले. आठवडाभर खाटेवर पडून ते स्वच्छ झाले होते. टाचांच्या भेगांतली मातीसुद्धा निघून गेली होती. ते पाय मला बघवेनात. हा माणूस ओट्यावर बसला तर वर्षभरात जाईल, आणि उन्हात गेला तर त्याआधीच जाईल, हे मला लख्ख दिसलं. पागोटं तर सुटणार नव्हतं. मग पागोट्यातच काहीतरी करायला हवं होतं, आणि आखाजीच्या आत.

पहिली युक्ती मला पाण्याच्या माठावरून सुचली. नंदुरबारच्या बाजारातून आणलेला वाळा माठात टाकायचा होता. त्याची एक चपटी जुडी मलमलीच्या थैलीत शिवली, पाण्यात बुडवून निथळली आणि दारातून सांगितलं, "म्हैस, कोनाले तरी सांग, खुंटीखाले थैली ठेयेल शे. पागोटामा ठेवानी. डोकं थंड ऱ्हाई." मग काठीचा आवाज ओट्यावरून लांब गेला. थैली नव्हती, म्हणजे स्वारी ती घालून गेली होती.

त्या दिवशी मामंजी शेतावर गेले नाहीत, पारावर गेले. दोन भावांचा बांधावरून तंटा होता आणि पंचांत मामंजी होते. तंटा तीन पावसाळे जुना. दोघं भाऊ एकमेकांच्या आज्या-पणज्यांचा उद्धार करत होते. मामंजी नेहमीसारखे ताठ बसलेले. आणि मी निथळायला कमी पडले म्हणा किंवा पागोट्यानं वाळा पिळला म्हणा, पाण्याची धार दोन्ही कानशिलांवरून निघाली, गालांवरून मिशीत आली आणि मिशीतून टपटप खाली पडायला लागली.

"दादा रडी ऱ्हायनात," कोणीतरी हळूच म्हटलं. मामंजींना गाव दादा म्हणायचं. पार गप्प झाला. ज्या माणसाला गावानं कधी डोळे ओले करताना पाहिलं नाही, तो भावाभावांचं भांडण बघून भर पारावर रडतोय! धाकटा भाऊ उठला, त्यानं थोरल्याचे पाय धरले. थोरला रडला. बांध जिथं होता तिथं राहिला आणि दोघं एका बैलगाडीतून घरी गेले.

हे सगळं मला शेजारच्या म्हातारीनं डोळे पुसत सांगितलं. मी तोंडात पदर कोंबून बसले होते. तेवढ्यात ओट्यावर काठी आपटली.

"म्हैस, तिले सांग. मन्ही माय मरनी तवय मी रडनू नही. आनि आज दुसरासना बांधसाठे रडनू म्हने!"

आवाज करडा होता, पण त्याच्या शेवटी एक बारीकसं खोकणं आलं. आमच्या घरात हसू लपवायचं ते खोकणं होतं, हे मला नंतर कळलं.

वाळा बाद झाला. डोकं नुसतं थंड करून भागत नाही, ते कोरडं राहायला हवं, एवढं मी शिकले. ओलं थंड म्हणजे घटकाभराचं सुख आणि मग पडसं. मामंजींचा खरा शत्रू घामच होता. तो पागोट्याच्या पिळात मुरायचा, तिथंच तापायचा, आणि वारा त्याच्यापर्यंत पोचायचाच नाही.

आणि एके दिवशी भांडी घासताना उत्तर हातातच सापडलं. आमच्याकडे गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, वेलावर काही गिलकी बियाण्यासाठी मुद्दाम सोडतात. ती कुंपणावर वाळतात, वरचं साल टरकतं आणि आत उरते नुसती जाळी. बिया काढून घेतल्या की त्या जाळीची घासणी होते. मी घासणी धुऊन झटकली आणि वळचणीला ठेवली. शेजारी ठेवलेलं फडकं संध्याकाळपर्यंत दमट राहिलं, पण गिलकं भाकरी थापून होईतो कोरडं ठणठणीत. रोज डोळ्यांसमोर होतं, पण डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

गिलकी उभी चिरून पाण्यात भिजवली, पाट्याखाली दाबून सपाट केली आणि त्यांचं एक कडं शिवलं. मध्ये मोकळं, कडेनं जाळी. डोक्यावर हे कडं बसलं की पागोटं त्यावर टेकेल, टाळूपासून बोटभर उंच राहील, खालून वारा फिरेल आणि घाम जाळीत जाऊन वाळेल. शिवून झाल्यावर मी ते लांब धरून पाहिलं. ही तर सरळसरळ चुंबळ होती. आम्ही बाया पाण्याचा हंडा डोक्यावर घेताना खाली जी कापडाची गुंडाळी ठेवतो, ती. पुरुषाच्या डोक्यावर, तेही मामंजींच्या, वडिलांच्या तेराव्याला बांधलेल्या पागोट्याखाली, बायांची चुंबळ! मी मनाशी ठरवलं की काही झालं तरी हिला जाळी म्हणायचं.

राहिलं माप. डोकं मी कधी पाहिलं नव्हतं, पागोट्याला हात लावणं तर लांबच. तेव्हा खाण तशी माती, असा विचार करून रविवारी दुपारी हे झोपलेले असताना यांच्या डोक्याला दोरा गुंडाळून घेतला आणि त्या मापानं कडं पुरं केलं. म्हशीला सांगितलं. कडं खुंटीवरून गेलं.

खाण तशी माती ही म्हण डोक्यांना लागू पडत नाही. यांचं डोकं बापापेक्षा चांगलंच थोर निघालं, मापानं म्हणते. मामंजी खळ्यावर उफणणीला उभे राहिले, सूप उंच केलं, मान वर गेली, आणि कडं सरकलं तसं आख्खं पागोटं मागच्या मागं भुशात पडलं. गड्यांनी माना फिरवल्या. कोणी पाहिलं नाही असं प्रत्येकानं दाखवलं, आणि त्यानंच ते जास्त लागलं.

शेजारची म्हातारी लगबगीनं आली. "पागोटं पडनं म्हंजे घरना मानूस जास," ती म्हणाली. मामंजी घरी येऊन ओट्यावर बसले ते बसलेच. त्या दिवशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. म्हशीशीसुद्धा नाहीत. भाकरी वाढलेली तशीच उचलावी लागली. आखाजी तोंडावर आली होती. गावातल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी निघाल्या, झोके बांधले गेले, आखाजीची गाणी ऐकू यायला लागली. मला न्यायला आलेल्या भावाला मी परत पाठवलं. शेवटी माझं डोकं फिरलं. मी दारात उभी राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हशीला झापलं.

"म्हैस, सांग कोनाले तरी! डोकं देखाले भेटत नही, आनि माप कोठून लेवानं? शिंपी बी आंग देखीसन अंगरखा शिवस!"

म्हैस दचकून उभी राहिली. आता काठी आपटेल, आता मला कायमची माहेरी धाडतील, असं वाटत होतं. मग पाय उठले, गोठ्यात आले, आणि म्हशीच्या तोंडासमोर, माझ्याकडे पाठ करून, मामंजी दगडावर बसले.

"म्हैस," ते हळू म्हणाले, "मी तुन्हाकडे देखी ऱ्हायनू, तिन्हाकडे नही. तिले सांग, माप ली ले."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी पागोटं उचलून मांडीवर घेतलं.

दोरा हातात घेऊन मी पुढं झाले. नाकापर्यंतच्या पदरातून दोऱ्याची गाठ दिसेना, तेव्हा पदर मागं सारला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांच्याजवळ उघड्या तोंडानं उभी होते, आणि ते माझ्याजवळ उघड्या डोक्यानं. डोकं केवढंसं होतं! एवढ्या मोठ्या पागोट्याखाली एवढंसंच डोकं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. विरळ पांढरे केस घामानं चिकटलेले. मानेपर्यंत सगळं उन्हानं करपलेलं आणि पागोट्याच्या जागी कातडी लहान मुलासारखी गोरी. त्या गोऱ्या कातडीवर कपाळापासून मागंपर्यंत घामोळ्याचं लाल कडं, काही ठिकाणी सोललेलं. हे इतकी वर्षं असंच होतं आणि कोणाला कळलं नव्हतं. मला रडू आलं. खरंखुरं, वाळ्याचं नव्हे. मी दोऱ्याला गाठ मारली, पदर ओढला आणि आत पळाले.

नवं कडं करायला मला एक दिवस लागला. सोललेल्या जागी जाळी टोचू नये म्हणून आतून जुन्या धोतराची मऊ पट्टी लावली. "टाळूवर पागोटाना एक पदर कमी लेवाना," असं म्हशीमार्फत कळवलं. त्यानंतर मामंजी रोज खळ्यावर जात होते. पागोटं हलत नव्हतं. ताटातली भाकरी संपत होती आणि पायांवर माती दिसायला लागली होती.

पुढं पावसाळ्यात मी त्या कड्यावर मेणकापडाची चकती बसवली. पागोटं वरून भिजलं तरी आत डोकं सुकं राहायला लागलं. उन्हाळ्यात ती चकती काढायची, पावसाळ्यात घालायची. कितीतरी वर्षं हे चाललं, आणि त्या चैत्रानंतर मामंजींना कधी ऊन लागलं नाही. पण ते सगळं नंतरचं.

आखाजीच्या सकाळी खापरावर पुरणाच्या पोळ्या चालल्या होत्या. बटाईवाला नारळ घेऊन आला. हे त्याच्याशी ओट्यावर बोलत बसले. मामंजी घरात नव्हते. सणाचा दिवस असून पहाटेच शेतावर गेले होते. ऊन चढलं. बटाईवाला घाम पुसत म्हणाला की दादांना एवढ्या उन्हात सोडायला नको होतं. हे घाबरून उठलेच होते, तेवढ्यात भर दुपारी मामंजी नदीकडच्या वाटेनं चालत आले. पावलं नेहमीचीच, न घाई न झोकांडी. ओट्यावर बसले, पाणी प्याले. मग पागोट्याखाली बोटं घालून त्यांनी कडं बाहेर ओढलं. पागोटं एकदम भुवयांवर उतरलं. त्याची पर्वा न करता त्यांनी ते कडं लेकाच्या तळहातावर ठेवलं.

यांनी ते दाबून पाहिलं, उलटंपालटं केलं. कोरडं होतं. "हाई काय शे, बा?"

मी दाराआड उभी होते. जाळी म्हणा, मी मनात म्हणत होते, जाळी म्हणा.

"चुंबळ शे," मामंजी म्हणाले. "बाया ऊनमा हंडा डोकावर लई येतीस. त्यास्ले ऊन लागस का? वावर मी करसू."

बटाईवाल्यानं एकदा पागोट्याकडे पाहिलं, एकदा चुंबळीकडे, आणि हसू आवरत नारळ पिशवीत परत ठेवला. पण जेवल्याशिवाय त्याला कोणी जाऊ दिलं नाही. पुरणपोळी खाताना हे मध्येच माझ्याकडे पाहत होते, आणि मला चेहऱ्यावर काय ठेवावं ते कळत नव्हतं, बरं झालं पदर होता.

पंगत उठल्यावर मी ओट्यावर सारवत होते. दोन पाय समोर येऊन थांबले, वावरातली माती लागलेले. घसा खाकरल्याचा आवाज झाला. मी सारवणं थांबवलं आणि सवयीनं निरोपाची वाट पाहत राहिले.

"बेटा, माहेरले कवय जास?" मामंजी म्हणाले. "जावाना पहिले आखो एक चुंबळ करी जाय. हाई भिजनी ते दुसरी लागी."

मी गोठ्याकडे पाहिलं. म्हैस नदीवर गेलेली होती. खुंट्याशी नुसतं दावं पडलं होतं, आणि ते त्यांनाही माझ्याइतकंच स्पष्ट दिसत होतं.

"करी देसू, मामा," मी म्हटलं.